डॅडींचे दहा मार्क

मी जज होणार, हे डॅडींनी अख्ख्या चर्चला सांगून ठेवलं होतं. आणि चर्चला सांगितलं म्हणजे आमच्या खोऱ्यात पोस्टातल्या बाईपासून पेट्रोलपंपावरच्या पोरापर्यंत सगळ्यांना सांगितलं. मी किराणा आणायला गेले की कुणी ना कुणी हटकायचंच, "काय गं व्हर्ना, झालीस का जज?" जसे काही माझे दिवस भरलेत आणि मीच मुद्दाम अडून बसलेय. मी म्हणायची, "नाही हो अजून," आणि दुधाचा कॅन उचलून चालू पडायची.

आमच्याकडच्या जजसमोर चोर-दरोडेखोर येत नाहीत. येतात ती शरीरानं संपलेली माणसं. कोळशाच्या खाणीत पाठ मोडलेली, फुप्फुसं काळी झालेली, हात वाकडे झालेली. आता आमच्यानं काम होत नाही, पेन्शन द्या, म्हणून सरकारकडे अर्ज करतात. सरकार एकदा नाही म्हणतं, दुसऱ्यांदा नाही म्हणतं, मग ती आमच्या ऑफिसात जजपुढे येऊन बसतात. जजसाहेब अर्धा-पाऊण तास ऐकतात आणि मला चिठ्ठी पाठवतात, 'नामंजूर. बसून करायचं काम जमेल.' त्या एका ओळीची मी पंधरा पानं करते. वकील मी, लिहिणारी मी, खाली सही त्यांची.

एमिट नोबल शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा. वीस वर्षं खाणीत काढली त्यानं. त्याची केस आली तेव्हा जिना चढताना तो दोनदा थांबला होता, मी खिडकीतून पाहिलं. सुनावणीत सरकारी तज्ज्ञानं सांगितलं, की हा माणूस पाकिटांवर पत्ते लिहायचं काम करू शकतो. पाकिटांवर पत्ते! आमच्या खोऱ्यात पगार घेऊन हातानं पत्ते लिहिणारा माणूस कुणी शेवटचा पाहिलाय, ते सांगा मला. पण ते काम सरकारी पुस्तकात छापलेलं आहे, म्हणजे ते जगात आहे. चिठ्ठी आली, नामंजूर. मी लिहिलं. चांगलं लिहिलं, वरच्या कोर्टात टिकेल असं.

काही महिन्यांनी एमिट मला दुकानात भेटला. नाकात नळी, ढकलगाडीत ऑक्सिजनची टाकी.

"व्हर्ना, तुमचा जज माणूस वाईट नव्हता गं," तो म्हणाला. "डोळ्यांत बघून बोलत होता. पण ते कागद कुठल्या हरामखोरानं लिहिले कोण जाणे. मला घरी वाचवेना."

मी म्हटलं, "हो ना रे."

आणखी काय म्हणणार? त्या दिवशी गाडीत बसून मी रडले आणि ठरवलं, की आता ती खुर्ची आपल्याला हवी. दुसऱ्याचं 'नाही' लिहिण्यापेक्षा आपलं 'हो' आपल्या सहीनं लिहावं. माझं सगळं जगणं त्यानंतर त्या एका खुर्चीपाशी येऊन थांबलं.

पण ती खुर्ची कुणी दुकानातून आणून देत नाही. वॉशिंग्टनला यादी असते. आधी अर्ज, मग परीक्षा, मग तिकडे जाऊन दिवसभर निकाल लिहून दाखवायचा, मग तीन अनोळखी माणसांसमोर मुलाखत. मार्क मिळतात आणि नाव यादीत जातं. आणि नाव यादीत गेलं की संपलं, आपण काही करायचं नाही. कुठल्या गावात जागा निघाली की ते गाव ज्यांनी अर्जात लिहिलंय त्यांच्यातले सगळ्यात वरचे तिघं काढतात, आणि त्या तिघांतून एकाला घेतात. आपला कितवा नंबर आहे ते कुणी सांगत नाही. फोन आला तर आला.

यादीत मी होते आणि माझ्या शेजारच्या टेबलावरचा ग्रेडन कॉडिल होता. ग्रेडन लष्करात वकील होता, त्यामुळे त्याला जास्तीचे मार्क. युद्धावर जाऊन आलेल्यांना पाच मिळतात, तिथं शरीर गमावून आलेल्यांना दहा. हे मी एकदा जेवताना सहज डॅडींना बोलले. चूक झाली.

डॅडी व्हिएतनामला जाऊन आले होते. एक पाय तेव्हापासून अधू, आणि नंतर खाणीनं फुप्फुसं घेतली ती वेगळी. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"म्हणजे माझे दहा मार्क आहेत की!"

"तुमचे आहेत डॅडी. माझे नाहीत."

"मग मी ते तुला देतो. मला काय करायचेत? मी या वयात जज होऊ?"

"असे देता येत नाहीत."

"तुला काय माहीत? विचारलंस का कुणाला?"

दुसऱ्या दिवशी मला रजा काढून त्यांना जिल्ह्याच्या कचेरीत न्यावं लागलं. माजी सैनिकांचं काम बघणारी बाई भली होती, तिनं पुस्तक उघडून वाचून दाखवलं. सैनिक स्वतः काम करू शकत नसेल तर त्याचे मार्क बायकोला मिळू शकतात. कधीकधी आईला मिळू शकतात. मुलांना नाहीत.

"बायकोला?" डॅडी म्हणाले. "माझी बायको जिवंत असती तर तिला जज केलं असतंत? ती बिचारी चौथीतून शाळा सोडून आली होती!"

"नियम तसा आहे, मिस्टर स्टिडम."

"आणि आईला? माझ्या आईला सही येत नव्हती! ही पोर एवढी कायदा शिकली, हिला नाहीत?"

बाईला हसू आवरेना आणि वाईटही वाटत होतं. घरी येताना आमच्या घळीकडे वळायच्या फाट्यावर डॅडी म्हणाले, "एवढी एकच गोष्ट होती माझ्यापाशी, पोरी." मी रेडिओ लावला.

मग नुसती वाट. वाट पाहणाऱ्या माणसाला काही म्हणजे काही नवं करता येत नाही. छप्पर गळतंय, पण आता कशाला, उद्या फोन आला तर? सफरचंदाचं रोप लावावं, पण फळं कोण खाणार? डॅडी मात्र सरकारला रोज सकाळ-संध्याकाळ शिव्या देत होते. खासदाराला त्यांनी दोन पत्रं लिहिली. आमच्या डोंगरातल्या लोकांना वर येऊ देत नाहीत, हे कारस्थान आहे, असं चर्चबाहेर उभं राहून सांगायचे. मी ऐकून घ्यायची. खरं कारण मला ठाऊक होतं आणि ते मी त्यांना सांगितलं नव्हतं.

ते फुटलं ग्रेडनमुळे. त्याला फोन आला. गाव फार्गो, तिकडे पार उत्तरेला. जाण्याआधी मी त्याला आणि त्याच्या बायकोला जेवायला बोलावलं. पिंटो बीन्स, मक्याचा पाव, तळलेले बटाटे, आणि सुक्या सफरचंदांचा थरांचा केक, जो मला नीट येत नाही पण डॅडींनी हट्ट धरला म्हणून केला. फार्गोच्या थंडीच्या नुसत्या कल्पनेनं ग्रेडनची बायको आधीच डोळे टिपत होती.

"हर्शेलकाका," ग्रेडन घास चावत म्हणाला, "माझे लष्कराचे मार्क सोडले तर व्हर्ना माझ्यापुढे आहे, बरं का."

"मग तू जज होऊन चाललास आणि ही इथं बीन्स का वाढतेय?"

"मी सगळी गावं लिहिली ना. एकूण एक. तिनं तीनच लिहिलीत." मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला, पण तोपर्यंत तो पुढे गेला होता. "तीन गावांवर कुठं नोकरी लागते का? तिथले जज मेल्याशिवाय उठत नाहीत."

डॅडींनी माझ्याकडे पाहिलं. मग केक मागितला, खाल्ला, ग्रेडनला आशीर्वाद दिला, त्याच्या बायकोला म्हणाले, "लोकरीचे मोजे दोन-दोन घाल." पाहुण्यांची गाडी पुलापलीकडे जाईपर्यंत ते ओसरीत उभे होते.

"तीन गावं?"

"जवळची आहेत डॅडी. संध्याकाळी घरी येता येतं."

"घरी काय आहे?"

"तुम्ही आहात! तुमची ऑक्सिजनची नळी रात्री निसटते ती कोण लावणार? बार्नी?"

"कुत्र्याला मधे आणू नकोस." ते धापा टाकायला लागले. "अख्ख्या खोऱ्यात सांगत फिरतोय, माझ्या पोरीला सरकारनं अडवलं. आणि अडवणारा घरातच बसलाय, खुर्चीत! सांगायचं तरी होतंस, मी शिव्या तरी कमी दिल्या असत्या."

"मला जायचंच नव्हतं कुठं."

"खोटं बोलू नकोस. तुला येत नाही."

सकाळी मी उठले तर डॅडी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. कचेरीतल्या त्याच बाईकडे ने म्हणाले. मला वाटलं पुन्हा मार्कांचं काढणार. पण त्यांनी सैनिकांच्या वृद्धाश्रमाचा अर्ज मागितला. म्हणाले, "मार्क पोरीला देता येत नाहीत. खाट तर माझ्या नावावर मिळते ना? ती द्या."

मी तिथंच भांडले. कचेरीत सगळ्यांसमोर भांडले. ते ऐकतील तर शपथ. त्या खाटेसाठीही रांग होतीच, पण दोन्ही फुप्फुसं गेलेल्या माणसाला वर घेतात, आणि हिवाळा संपता संपता त्यांची खाट निघाली. नर्सबाई भल्या होत्या, खिडकीतून डोंगर दिसत होता. मी रडत होते आणि डॅडी शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याशी ओळख करून घेत होते. तो नौदलातला, नाव डेल्मर. पहिल्याच दिवशी दोघांचं पत्त्यांवरून वाजलं.

घर विकायचंही डॅडींनीच काढलं. फार्गोहून ग्रेडननं कळवलं होतं, की एकदा नाव लागलं की दोन-तीन आठवड्यांत हजर व्हावं लागतं, त्याचं घर अजून विकलं गेलं नव्हतं आणि बायको तिकडे जायला तयार नव्हती. डॅडी म्हणाले, "पायात काही अडकवून ठेवू नकोस. विकून टाक." घर त्यांच्या नावावर होतं, त्यांच्या बापानं बांधलेलं. एक तरुण जोडपं आलं, नवरा ट्रक चालवणारा, बायको दिवस गेलेली. वृद्धाश्रमाच्या जेवणाच्या टेबलावर बसून डॅडींनी सही केली. बार्नीला घराबाहेर झोप येत नाही, म्हणून कुत्राही घराबरोबर गेला. मी गावात औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. जिना उभा आणि अरुंद, पण म्हटलं, किती दिवस राहायचंय?

अर्जातली गावं वाटेल तेव्हा बदलता येत नाहीत. वॉशिंग्टनवाले मधूनच थोडे दिवस मुभा देतात, तेवढ्यात काय ते करून घ्यायचं. ती मुभा वसंतात मिळाली. मी एकेका गावावर खूण करत गेले. अलास्का, हवाई, पोर्टो रिको, टेक्सासमधली सीमेवरची गावं, जिथं मी आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं. काही सोडलं नाही.

डॅडींनी खाटेशेजारी भिंतीवर देशाचा मोठा नकाशा टाचण्यांनी लावला. मग त्या वॉर्डात दुसरा धंदाच उरला नाही.

"सॅन दिएगो लागलं तर मी पण जातो तिच्याबरोबर," डेल्मर म्हणायचा. "तिथं माझी एक मैत्रीण होती."

"ती आता ऐंशीची असेल."

"मग मी काय सोळाचा आहे?"

रविवारी मी गेले की डॅडींचा पहिला प्रश्न, "फोन?"

"नाही अजून."

"येईल. आता कुठंही पाठवू देत. मी तर इथं मजेत आहे." मजेत आहे म्हणताना त्यांचा हात ब्लँकेटची कड सारखी करत राहायचा. बार्नी कसा आहे, ते दर वेळी विचारायचे. मी त्या घरावरून गाडी नेऊन बघून यायची आणि सांगायची, छान आहे, लठ्ठ झालाय.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ग्रेडनचा फोन आला. तो जाम खुशीत होता. "मोठी भरती निघतेय गं. शंभरावर जागा म्हणतात. तू आता सगळ्या गावांत आहेस, कुठं ना कुठं लागणारच. फोन उशाशी घेऊन झोप." मी फोन न्हाणीघरात नेला, चर्चमध्ये नेला. पडदे घेतले नाहीत, खोकी उघडली नाहीत. जजच्या काळ्या झग्याचं मापसुद्धा मनातल्या मनात घेऊन ठेवलं. देवा, किती मूर्ख होते मी! आनंदात होते, खरंच आनंदात होते. कित्येक वर्षांत इतकी नव्हते.

फोन आला नाही. एक पान आलं. सगळ्या ऑफिसांना एकच, ईमेलनं. वरून हुकूम निघाला होता, यादी बंद. तिघांतला एक, मार्क, गावं, सगळं बंद. इथून पुढे जो तो विभाग आपल्याला हवे ते जज आपल्या पद्धतीनं नेमेल. आधीच्या यादीतल्यांचे आभार.

मी ते पान दोनदा वाचलं. दोष कुणाचा, ते कुठं लिहिलेलं नव्हतं. फोन करायला नंबर होता, तो फिरवला. त्या बाईनं गोड आवाजात सांगितलं, हा प्रश्न आता आमच्याकडे येत नाही. मग कुणाकडे येतो? ते तिला माहीत नव्हतं. भांडायला तरी समोर कुणी पाहिजे ना! जजसाहेब माझ्या टेबलापाशी आले, खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "वाईट झालं, व्हर्ना." मग टेबलावरच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. "ती सोमवारची फाईल झाली का?"

फाईल एका स्वयंपाकीण बाईची होती. हात वाकडे झालेले. चिठ्ठीत होतं, पाकिटांवर पत्ते लिहिता येतील. मी लिहिलं.

डॅडींना सांगितलं नाही. रविवार आला, "फोन?" "नाही अजून." पुन्हा रविवार, पुन्हा तेच. डेल्मर सॅन दिएगोच्या मैत्रिणीची गोष्ट सांगायचा आणि मी हसायची. दर खेपेला ठरवून जायची, की आज सांगायचं. डॅडींचं तोंड नकाशाकडे असायचं, मग सांगवत नसे.

एका रविवारी गेले तर नकाशा भिंतीवर नव्हता. टाचण्यांची भोकं तेवढी होती. डेल्मर खोलीत नव्हता. डॅडी खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

"ग्रेडनचा फोन आला होता मला," ते म्हणाले. "फार वाईट वाटलं म्हणाला. त्याला वाटलं, मला माहीत असेल."

मी पलंगाच्या कडेवर बसले. "मी सांगणारच होते डॅडी."

"असू दे." त्यांनी श्वास घेतला, मी तो पुरता घेऊ दिला. मला वाटलं आता सरकारला शिव्या देतील. द्याव्यात, असं फार वाटत होतं मला. पण ते रागावले नव्हतेच. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा मोकळा झाला होता.

"म्हणजे आता तुला कुठं जायचं नाही."

"नाही."

"इथंच राहणार तू."

"हो डॅडी."

"मग मला घरी ने ना, पोरी." ते पुढे वाकले. "मी इथं तेवढ्यासाठीच आलो होतो. आता काय कारण? माझी टाकी मी सांभाळतो. रात्री नळी नाही काढणार. ओसरीत बसेन. बार्नी तर वेडाच होईल मला बघून."

इतकी वर्षं मी लोकांना पंधरा-पंधरा पानांत नाही म्हणत आले. एका माणसाच्या तोंडावर मला एक शब्द बोलता येईना. ते वाट बघत होते.

"डॅडी, घर..."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच मागे टेकले.

"अरे हो," म्हणाले. "सही तर मीच केली."

"मी जागा बघते. खालच्या मजल्यावरची. जिना नसलेली. गावात निघेल कुठंतरी, मी उद्यापासून..."

"बघ. बघ सावकाश." त्यांनी ब्लँकेटची कड सारखी केली. "पण इथली खाट सोडली आणि तिकडे नाही जमलं, तर पुन्हा नंबर लावावा लागतो म्हणे. नर्सबाईला विचारलं मी. मोठी यादी आहे." आणि माझ्या हातावर थोपटून म्हणाले, "नको बाई. आता आपल्या दोघांत एकही यादी नको."

जेवणाची घंटा झाली. मी खुर्ची ढकलत त्यांना जेवणाच्या खोलीत नेलं. डेल्मर आमची जागा धरून बसला होता. दुरूनच ओरडला, "काय हर्शेल, भिंत रिकामी केलीस ती? लागलं की काय गाव पोरीला? सॅन दिएगो का?"

"नाही रे," डॅडी म्हणाले. "जवळचंच लागलं. दर रविवारी येता येईल असं."

सगळ्या टेबलानं टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मला "जजबाई" म्हणालं. डॅडींनी मान ताठ ठेवून सगळ्यांकडे पाहिलं, आणि मी त्यांच्या बीन्समध्ये मक्याचा पाव कुस्करून दिला.